कालवणापुरतं

आमच्या कॉलेजात एखाद्या नव्या कामाला माणूस हवा असला, की त्या दिवशी मीटिंगला जो हजर नसेल त्याच्या गळ्यात ते काम पडतं. त्या दिवशी मी दाढ काढायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल धरून आलो तर प्राचार्यांनी हातात कागद ठेवला. विद्यापीठाचं पत्र होतं. प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या उद्योगांसाठी एक कक्ष हवा, कक्षाला प्रमुख हवा, आणि त्या प्रमुखाने मुलांना भांडवल मिळवून द्यायचं, गुंतवणूकदारांशी त्यांच्या गाठी घालून द्यायच्या. मी रसायनशास्त्र शिकवतो. गुंतवणूकदार म्हणजे नक्की कोण, तो राहतो कुठे आणि त्याला हाक कशी मारायची, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. तोंडात कापूस होता म्हणून नाही म्हणता आलं नाही. कापूस निघाला तोपर्यंत ऑर्डरही निघाली होती.

कक्षासाठी मला प्रयोगशाळेमागची तराजूची खोली मिळाली. जुने तराजू कपाटात कोंबले, दारावर पाटी लावली आणि बसून राहिलो. पहिल्या महिन्यात दहा-बारा मुलं आली. रत्नागिरीत उद्योग म्हटलं की पोरांच्या डोक्यात आधी आंबा येतो. एकाला मोबाइलवर आंबे विकायचे होते, दुसऱ्याला आंब्याचा रस विकायचा होता, तिसऱ्याला पहिल्या दोघांना पेट्या विकायच्या होत्या. मी सगळ्यांना चहा पाजला आणि निश्चिंत झालो. वाईट कल्पनेचा एक फायदा असतो, तिच्यामुळे मास्तराची झोप उडत नाही.

मग एक दिवस दुपारी अडीचच्या सुमाराला ती आली. शेवटच्या वर्षाला होती, रोज पूर्णगडहून एस.टी.नं यायची. वर्गात तिसऱ्या बाकावर बसून कधी तोंड उघडायची नाही. तिने पोत्यात गुंडाळून आणलेली एक पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, उघडून बघा." मी झाकण काढलं. आत बर्फ होता. "पहाटे पाचला भरलाय," ती म्हणाली.

तिची आई मासळी विकते. त्या बायका थर्माकोलची पेटी वापरतात. ती कडेनं भुगा होत जाते, महिन्या-दोन महिन्यांत फुटते, आणि दुपारी बारानंतर तिच्यात बर्फाचं पाणी होतं. मग उरलेली मासळी मिळेल त्या भावाला काढून टाकायची. या मुलीने दोन प्लॅस्टिकच्या टबांमध्ये भाताच्या गिरणीतलं तूस दाबून भरलं होतं आणि ते धरून ठेवायला एक चिकट मिश्रण स्वतः बनवलं होतं. कसं बनवलं ते तिने फळ्यावर लिहून दाखवलं. एक पायरी चुकली होती, ती मी दुरुस्त केली. बाकी सगळं बरोबर होतं. मी बर्फाचा तुकडा हातात घेऊन बसलो आणि माझ्या छातीत जळजळायला लागलं. ती जळजळ पुढचं सबंध वर्ष राहिली.

कारण आता जबाबदारी आली होती. हाताने एक पेटी करायला तिला तीन दिवस लागत. बायका मागत होत्या. पूर्णगडातल्या मागत होत्या, मग गुहागरच्या कुणीतरी पाहिली, तिकडूनही नावं आली. लोट्याला कारखान्यांच्या कँटीनला मासळी पुरवणारा एक ठेकेदार होता, त्याने एकदम तीस मागितल्या. एवढ्या पेट्या हाताने होणार नव्हत्या. त्याला साचा लागणार होता. साच्याची किंमत तिने चौकशी करून आणली होती. ती ऐकून मी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसलो.

तिच्या वडिलांनी तिला मुदत घातली होती. ते दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. माणूस कडक असला तरी वाईट नव्हता. त्यांना इतकंच वाटत होतं, की आपल्या घरात एकदा तरी महिन्याच्या महिन्याला पगार यावा. लोट्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेतली नोकरी चालून आली होती, पाळीची, कंपनीच्या बसनं जायचं-यायचं. नारळी पौर्णिमेपर्यंत साच्याची सोय झाली तर पेट्या कर, नाहीतर गुपचूप कामावर जा, असं त्यांनी सांगितलं होतं. पावसाळ्यातली दोन महिन्यांची मासेमारीबंदी संपून नारळी पौर्णिमेला बोटी पुन्हा बाहेर पडतात, बायका नव्या पेट्या घेतात त्याही तेव्हाच. म्हणजे साचा मिळायचा तर तोही त्याच्या आतच मिळायला हवा होता.

मी कामाला लागलो. माजी विद्यार्थ्यांची यादी काढली आणि एकेकाला लिहायला सुरुवात केली. निम्म्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. काहींनी आपल्याच मुलांसाठी वसतिगृहाची चौकशी केली. मला माणसांपुढे हात पसरायची सवय नाही. एकेक संदेश पाठवताना मी तो दहादा वाचायचो आणि पाठवून झाल्यावर फोन पालथा घालायचो. शेवटी पुण्यातला एक जुना विद्यार्थी कामी आला. स्वतःच्या खिशातले पैसे नव्या छोट्या उद्योगांत घालणाऱ्या काही लोकांच्या मंडळाचं काम तो बघायचा. त्याने फेब्रुवारीत ऑनलाइन भेट ठरवून दिली.

पलीकडे तिघंजण होते. अलीकडे तराजूच्या खोलीत ती आणि मी. तिने पेटी दाखवली, बर्फ दाखवला. त्यांना आवडली, चेहऱ्यांवर दिसत होतं. मग त्यांच्यातल्या बाईंनी साधं विचारलं, "आतापर्यंत किती विकल्या?"

"थोड्या," ती म्हणाली.

"थोड्या म्हणजे?"

"हायत आठ-दहा."

खरा आकडा तेवीस होता. तिच्या वहीत होता, मला पाठ होता. "आणि मागणी?" बाईंनी विचारलं. "बघू, विचारतात बायका," असं म्हणून तिने मान खाली घातली. चाळीस बायकांनी नावं दिली होती! मी टेबलाखालून पायाने खुणावत होतो, पण ती बघेचना. दहा मिनिटांत नमस्कार झाला आणि पडद्यावरची माणसं गेली.

मी भडकलो. माझा राग तसा लवकर येतो आणि लवकर जातो, पण मधल्या वेळात मी बरंच बोलतो. "ताकाला जाऊन भांडं लपवायचं असेल तर ताकाला जायचंच कशाला?" मी म्हणालो. आणखीही पुष्कळ म्हणालो. तिने माझं बोलणं संपू दिलं आणि मग हळूच म्हणाली, "सर, आमच्यात असं सांगत नाय."

"काय सांगत नाय?"

"किती गावला ता."

माझा राग तिथेच उतरला. कारण मला ते माहीत होतं. मी स्वतः खाडीपलीकडच्या गावचा, माझे वडील आयुष्यभर खलाशी होते. होडी किनाऱ्याला लागली की काठावरचा कुणीतरी विचारणारच, "काय गावला?" आणि होडीतून उत्तर येणार, "काय नाय, कालवणापुरता." होडीत पाट्या भरून सुरमई असली तरी उत्तर तेच. एक तर नजर लागते. शिवाय जागा कळली की दुसऱ्या दिवशी दहा होड्या तिथेच जाळी टाकतात. आणि आज मिळालं ते उद्या मिळेलच असं नाही, मग कालचा मोठेपणा आज अंगाशी येतो. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. उत्तर कुठल्या आवाजात आलं यावरून तो काय ते समजून घेतो. आठ वर्षांचा असताना मी एकदा काठावरून ओरडून सांगितलं होतं, आमच्या होडीला खूप पापलेट गावलं म्हणून. वडिलांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, ते त्या दिवशी. त्यानंतर महिनाभर जाळ्यात काही लागलं नाही. ते माझ्यामुळे, असं घरात कुणी बोललं नाही आणि कुणी विसरलंही नाही.

एवढं सगळं माहीत असून मी त्या मुलीवर ओरडलो याची मला लाज वाटली. पण लाज वाटून साचा येणार नव्हता. मी ठरवलं, हिला बोलायला शिकवायचं. रोज चार वाजता प्रॅक्टिकल संपलं की ती तराजूच्या खोलीत येऊन उभी राहायची आणि मोठ्याने म्हणायची, "मी तेवीस पेट्या विकल्या आहेत. चाळीस बायकांनी नावं दिली आहेत. लोट्याला तीस पाहिजेत." सुरुवातीला ती हे जमिनीला सांगायची. मग मी तिला व्हरांड्यात उभी केली, पुढे कँटीनच्या रांगेत. आमचा शिपाई हसायचा. दर वेळी आकडा सांगून झाला की ती तोंड वळवून तोंडातल्या तोंडात थू थू करायची, नजर लागू नये म्हणून. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. एप्रिलमध्ये ते थांबलं. तिने माझ्या डोळ्यांत बघून आकडे सांगितले आणि वर विचारलं, "अजून मोठ्याने सांगू?"

आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीची आठवण सगळ्यांनाच येते, तशी त्या मंडळातल्या एका गृहस्थांनाही आली. साठीचे होते. पुण्यात त्यांचा स्वतःचा यंत्रांचे भाग बनवायचा कारखाना होता, तो मुलांच्या हाती देऊन ते मोकळे झाले होते. येतोच आहे तर तुमच्या चार मुलांचं ऐकतो, असं त्यांनी कळवलं. मी तीन दिवस जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. सभागृह झाडून घेतलं, पंखे तपासले, प्रोजेक्टर तपासला. सगळं तपासलं, आणि तिचा नंबर लागला तेव्हा वीज गेली.

पंखे थांबले. पडदा काळा झाला. मी धावत जनरेटरच्या माणसाला शोधायला निघालो, तर मागून तिचा आवाज आला. ती थांबलीच नव्हती. "एकतीस पेट्या विकल्यात," ती सांगत होती, "हाताने केलेल्या." मी दारातच उभा राहिलो. गृहस्थांनी विचारलं, उद्या एखाद्या मोठ्या कंपनीनं हीच पेटी केली तर काय करशील? ती म्हणाली, "करतील ना. पण बाईला ती डोक्यावर घेऊन चालायचं असतं. किती जड चालेल ता त्यांना विचारायला लागेल. मी डोक्यावर घेतलीय." गृहस्थांनी ते लिहून घेतलं. घामाने माझा सदरा भिजला होता आणि मला रडू येत होतं. जाताना ते मला म्हणाले, "मी माणूस बघून पैसे घालतो. थोडी चौकशी करतो आणि आठ-दहा दिवसांत कळवतो."

सहाव्या दिवशी सकाळी अकराला माझा फोन वाजला. मी भाजीच्या दुकानासमोर उभा होतो, काखेत शेवग्याच्या शेंगा होत्या. तेच होते. म्हणाले, "सर, एकच प्रश्न विचारतो. तुम्ही तिला तीन वर्षं बघताय. ही मुलगी हे तडीला नेईल का? तुमचे स्वतःचे पैसे असते तर तुम्ही घातले असते?"

हो, एवढंच म्हणायचं होतं. घातले असते, डोळे मिटून घातले असते. आणि माझ्या तोंडून आलं, "मुलगी बरी आहे. अजून शिकतेय. पुढचं आत्ताच काय सांगणार? बघा तुम्ही."

"बरं," ते म्हणाले. मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मी आणखी काही बोलेन म्हणून ते थांबले होते, हे मला आता कळतं. मी त्यांना आंबे कसे निघाले ते विचारलं. चांगले निघाले होते. फोन संपला. वर मला स्वतःचं कौतुक वाटलं, किती जबाबदारीने बोललो, उगाच फुशारकी मारली नाही. शेंगांचे पैसे देऊन घराच्या वळणापर्यंत आलो आणि तिथे थांबून खिशातला फोन बाहेर काढला.

मी त्या उत्तराबद्दल खूप विचार केला आहे. बराच काळ मी स्वतःला सांगत होतो, की ही आपली रीत आहे, चांगलं बोलून दाखवलं तर दृष्ट लागते, आपण तिचं भलंच बघितलं. त्यात थोडं खरं होतं. पण उरलेलं खरं असं, की मी घाबरलो. उद्या ती बुडाली तर तो माणूस म्हणेल, तुमच्या शब्दावर पैसे घातले होते. मला शब्द द्यायचा नव्हता. तीन महिने त्या मुलीला व्हरांड्यात उभं करून जे बोलायला लावलं, ते स्वतः बोलायची वेळ आली तेव्हा मी शेपूट घातली आणि रीतीच्या आड जाऊन बसलो.

फोन परत करता आला असता. तीनदा फोन हातात घेतला. एकदा वाटलं, लगेच केला तर गरजू दिसू. एकदा वाटलं, ते जेवत असतील. मग उद्या करू म्हटलं, आणि त्या उद्याला महिना उलटून गेला.

जून महिना कसा काढला ते माझं मला माहीत. परीक्षा झाल्या होत्या, तरी ती आठवड्यातून दोनदा एस.टी.ने यायची. दारातूनच विचारायची, "सर, काय आला?" मी म्हणायचो, "येईल. मोठी माणसं आहेत, वेळ घेतात." ती मान हलवायची, बाकावर बसून पेटीच्या झाकणाचं चित्र काढायची आणि पाचच्या गाडीने परत जायची. ती आली की माझा जीव खालीवर व्हायचा, नाही आली की जास्त व्हायचा. मेल बघायची मला सवयच लागली. जेवताना ताटाशेजारी फोन, देवपूजेला बसलो तरी मांडीजवळ फोन. बायको म्हणाली, "जावयाचा फोन यायचा असल्यासारखं काय करताय?" तिला सगळं सांगितलं, शेंगांपर्यंत सांगितलं, पण मी काय उत्तर दिलं तेवढं सांगितलं नाही.

मेल आला तो जूनच्या शेवटी. तिला आला होता, मला प्रत होती. ती तेव्हा समोरच बसली होती, दोघांचे फोन एकदम वाजले. मजकूर सभ्य होता. पेटी आवडली, तुमची जिद्द आवडली. परंतु तुम्ही अजून शिकत आहात, पुढचं आत्ताच सांगता येत नाही, तेव्हा वर्षभराने जरूर भेटू. ती दोन वाक्यं वाचून माझे कान तापले. ती वाक्यं माझी होती. तिने सगळं सावकाश वाचलं, फोन पिशवीत टाकला आणि म्हणाली, "जाते सर. गाडी हाय."

त्या संध्याकाळी मी अखेर फोन केला. सगळं बोललो, मुलगी कशी हुशार आहे, मी कसा चुकलो. आमच्याकडे होडीतून काय उत्तर देतात तेही सांगितलं. ते मनापासून हसले. म्हणाले, "छान आहे हो हे. पण मला कुणी सांगितलं नव्हतं." मग गंभीर होऊन म्हणाले, "सर, तेव्हा तुम्ही बोललात ते मनात आलं तसं बोललात. आज ठरवून बोलताय. मी पहिलं धरतो." शिवाय त्यांचे यंदाचे पैसे दुसऱ्या एका मुलाच्या उद्योगात गेले होते. त्यांच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांची काही चूक नव्हती.

तिला सांगायला हवं होतं. जुलैचे तीन आठवडे मी ते टाळलं. शेवटी एका रविवारी पूर्णगडची गाडी धरली. नारळी पौर्णिमा बारा दिवसांवर आली होती. सबंध वाटेत मी वाक्य जुळवत होतो आणि गाडीतून उतरेपर्यंत सगळी वाक्यं विसरलो होतो.

तिचे वडील बोटीच्या डागडुजीला गेले होते. आई पडवीत सुकट निवडत बसली होती. मास्तर न सांगता दारात आलेले बघून ती गडबडली, खुर्ची पुसली, आत जाऊन चहा ठेवला. मुलगी पडवीच्या दुसऱ्या टोकाला पेटीत तूस दाबत होती. हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. माझ्या डोक्याशेजारी फळीवर, देवाच्या तसबिरीला टेकवून, लोट्याच्या कंपनीचं पत्र उभं केलेलं होतं.

चहा यायच्या आत मी बोलून टाकलं. "त्या मेलमधलं जे होतं ना, ते मीच बोललो होतो. त्यांचा मला फोन आला होता. मी तुझ्याबद्दल नीट सांगितलं नाही. साचा माझ्यामुळे गेला."

तिने हात थांबवला नाही. "माहीत हाय, सर."

"कधीपासून?"

"मेल वाचला तवापासून. 'अजून शिकतेय' ता तुमचं वाक्य हाय. माज्या प्रोजेक्टवर तुमी ताच लिवलंत, आणि वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला दिलेत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कधी सांगता ता बघत होते," ती म्हणाली.

तिची आई चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार. तिने कप माझ्या हातात दिला आणि पुन्हा सुकट निवडायला बसली. मला उठून जावंसं वाटत होतं, पण हातात गरम चहा होता.

तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. घरात रेंज नव्हती, ती चिकट हातांनीच फोन धरून अंगणात गेली. लोट्याच्या त्या ठेकेदाराने चिपळूणच्या एका बाईंना तिचं नाव सांगितलं होतं, हे मला आईकडून कळलं. बाईंचं मासळीचं शीतगृह होतं आणि नवं काही करणाऱ्याला त्या पैसे देत. हा त्यांचा दुसरा फोन होता. मुलगी अंगणाच्या दगडी गडग्याशी उभी राहून बोलत होती. पलीकडच्या अंगणात जाळं विणणारी दोन माणसं मान वर करून ऐकायला लागली.

"अडतीस विकल्या," ती म्हणत होती. "साठ जणींची नावं हायत. लोट्याला तीस, त्या वेगळ्या."

"हळू गो," आई पडवीतून कळवळून म्हणाली. "गावाला कशाला ऐकवतंस?"

तिने आवाज कमी केला नाही. साचा कुठे बनेल, किती दिवस लागतील, बिघडला तर कोण दुरुस्त करेल, सगळं उभ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं. मग ती ऐकत राहिली आणि तिने वळून माझ्याकडे पाहिलं. पलीकडून काय विचारलं ते मला तिच्या नजरेवरून कळलं. मी कप खाली ठेवला, खुर्चीतून अर्धा उठलो. या वेळी मी नीट बोललो असतो. सगळं बोललो असतो.

"सर हायत ना," ती फोनवर म्हणाली. "इथेच बसलेत. पण त्यांना विचारू नका. ते आमच्यातलेच हायत, चांगलं असला तरी तोंडानं सांगणार नायत. गुहागरच्या दोघींचे नंबर देते. त्या रोज वापरतात पेटी. त्यांना विचारा."

मी पुन्हा खाली बसलो.

त्या बाईंनी पैसे दिले. पण साऱ्या चौकशा होऊन ते हातात यायला गणपती गेले, आणि साचा आला तो दिवाळीनंतर. वडिलांची मुदत नारळी पौर्णिमेची होती. ती लोट्याला कामावर रुजू झाली, तीन महिने पाळ्या केल्या, कंपनीच्या बसमध्ये उभ्याने झोपायला शिकली. नावं दिलेल्या बऱ्याच बायकांनी हंगाम सुरू झाल्यावर थर्माकोलच्याच पेट्या घेतल्या, त्यांनी तरी किती थांबायचं? आता तिचं चांगलं चाललं आहे. पण तो एक हंगाम तिचा गेला, तो माझ्यामुळे गेला, आणि चौकशीसाठी म्हणून ती कुणालाही माझा नंबर देत नाही.

त्या दिवशी मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. ती फोन संपवून आली, माझ्याकडे न बघता पुन्हा तूस दाबायला लागली. मी म्हणालो, "बरोबर केलंस." ती नुसतीच हसली. माझी गाडी यायला वेळ होता, पण मी निघालो. आई अंगणाच्या टोकापर्यंत पोचवायला आली. वर्तमानपत्रात बांधलेली सुकटीची पुडी तिने माझ्या पिशवीत घातली आणि ओशाळून म्हणाली, "सर, मनावर घेऊ नका वो. पोर आता कुणाची भीड ठेवत नाय. पण बोलायला तिला तुमीच शिकवलंत ना?"

"हो," मी म्हणालो. "तिला आलं. मला नाही आलं."